खालची माती उपाशी

मामा,

तुमचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे मला तुम्ही गेल्यावर अकरा वर्षांनी कळलं. तेही गेल्या मंगळवारी, भर दुपारी, आपल्याच खालच्या वावरात उभं असताना, दुसऱ्याच्या तोंडून. तुमची सून म्हणून मी तुमच्या हाताखाली आठ वर्षं काढली. रोज तुमच्या ताटात भाकरी वाढली. पेरणीला तिफणीमागं चाड्यावर बी सोडत, तुमच्या पाठीकडं बघत किती कोस चालले असेन. तरी मला ते दिसलं नाही. मंगळवारपासून मी पार हबकून गेले आहे. गिरणीत दळण घेऊन जाते आणि डबा तिथंच विसरून येते. कुणी काही बोललं तर त्याला दोनदा बोलावं लागतं. पायाखालची जमीन सरकली, असं लोक म्हणतात. माझी कुठं सरकली नाही, पंधरा वर्षं जागच्या जागीच आहे, आणि सगळा घोटाळा त्यातच आहे.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. ह्यांना एसटीत नोकरी लागून सहा महिनेही झाले नव्हते, आणि पहिलीच नेमणूक थेट कोकणातल्या डेपोत. हरभरा निघाला होता, उन्हाळी नांगरट चालू होती. मी भाकरी घेऊन येते तर बैल नुसते उभे, नांगर तासात आडवा पडलेला आणि तुम्ही बांधावर माझ्याकडं पाठ करून बसलेले. मला वाटलं, ऊन लागलं. मी टोपलं खाली ठेवलं, नांगराजवळ गेले आणि रुमण्याची मूठ धरून तो उभा केला. बैलांना वाटलं काम सुरू झालं, ते चार पावलं पुढं गेले आणि मीही त्यांच्या मागं गेले. तेव्हा तुम्ही ओरडलात. "सोड ते. बाईमाणसानं रुमण्याला हात लावायचा न्हाय." चार वर्षांत तुमचा आवाज कधी चढला नव्हता. मी नांगर सोडला, टोपलं तिथंच टाकलं आणि घरी येऊन गोठ्यात रडत बसले. चाड्यावर बाईची मूठ चालते, खुरपं चालतं, विळा चालतो, मग रुमण्यालाच काय सोनं लागलं आहे, असं मनात म्हणत होते. तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती.

संध्याकाळी तुम्ही चुलीपुढं येऊन बसलात. तुम्ही स्वयंपाकघरात कधी येत नव्हता, सासूबाई असतानाही नाही. मी भाकरी थापते आहे, तुम्ही जाळाकडं बघताय, आणि कुणाशी तरी जुनं बोलणं पुढं चालवावं तसं शांतपणे म्हणताय, "उद्यापास्नं नांगर बंद. वरची माती वरच ऱ्हाऊ दे. सगळा कस वरच असतोय, त्यो खाली गाडून काय मिळतंय? नुस्त्या कुळवाच्या पाळ्या घालू." मी मान हलवली. मला वाटलं, दुपारी बोललात त्याची भरपाई करताय. दुसरा एखादा सासरा सुनेला बांगड्या भरायला पाठवतो, तुम्ही मला शेतीतलं गुपित दिलं, असं मी समजले. त्या रात्री मी इतकी खूश होते की भाकरी करपली तरी तुम्ही काही बोलला नाहीत हेसुद्धा मला तुमचा मोठेपणा वाटला.

ते वाक्य मी किती मिरवलं, मामा. तुम्ही होता तोवर चार वर्षं आपण नुसता कुळव फिरवला, वरची चार बोटं माती हलवण्यापुरता. तुम्ही गेल्यावर मी बैल विकले, पण भाड्याच्या ट्रॅक्टरमागंही कुळवच लावायला सांगायचे. ट्रॅक्टरवाला पलटी नांगर घेऊन यायचा आणि मी त्याला बांधावरून परत पाठवायचे. पिकं चांगली आली, खोटं कशाला बोलू. पावसाळ्यात सोयाबीन जोमात असायचं, वरची माती भुसभुशीत, गांडुळं दिसायची, शेजाऱ्यांची माती ओढ्याला वाहून जायची तेव्हा आपली जागेवर असायची. पुढं मला गावची कृषी सखी नेमलं. मातीचे नमुने घ्यायचे, बायकांना शेतावर गोळा करून चार गोष्टी सांगायच्या, असलं काम. मी सुरुवातच करायचे, "आमचे मामा म्हणायचे, वरची माती वरच राहू दे." शिबिराला आलेले साहेबलोक वहीत लिहून घ्यायचे. तुमच्या त्या वाक्याचा फलक आपल्या वावराच्या तोंडाला लावला आहे. आमच्या बचत गटातल्या बायकांनी नांगरट सोडली. सगळ्यात आधी माझ्या चुलत जावेनं सोडली. तुमच्या त्या पुतण्याच्या माघारी ती एकटीच तीन एकर करते. तिनं मला काही विचारलंही नाही. "मामांनी सांगितलंय ना, झालं मग," म्हणाली.

यंदा दिवाळीनंतर ज्वारी जांभळी पडायला लागली. पानं कडेनं जांभळी, ताट बारीक, वाढ खुंटलेली. परतीचा पाऊस लवकर आटोपला होता आणि वरची माती पार सुकून गेली होती. मी म्हटलं थंडीनं झालं असेल, थंडीत होतं तसं. जावेच्या शेतात तर त्याहून वाईट, पीक गुडघ्याला लागेना. माझ्याकडं मातीचा अहवाल होता, मीच पाठवलेल्या नमुन्याचा. त्यात स्फुरद भरपूर लिहिलेलं. ज्याच्या कमतरतेनं ज्वारी जांभळी पडते ते स्फुरद. कागदावर भरपूर आणि पानावर टिपूस नाही. मी दोन्हीकडं बघायचे आणि कागदावर विश्वास ठेवायचे, कारण तो माझाच होता.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून एक मुलगी आली, वयानं माझ्या पुतणीएवढी. तिनं पहिला प्रश्न विचारला की नमुना कसा घेतला. मी अगदी तोऱ्यात सांगितलं, शिकवल्याप्रमाणे वीतभर खोल खड्डा, वरपासून खालपर्यंत एकसारखी माती काढायची, घमेल्यात कालवायची, चार भाग करायचे, दोन टाकायचे, दोन ठेवायचे. ती म्हणाली, ताई, नांगरलेल्या रानात ते बरोबर आहे, तिथं माती तशीही कालवलेलीच असते. तुमचं रान कधी नांगरलं होतं? मी अभिमानानं म्हटलं, पंधरा वर्षं नाही. तिनं पहार मागितली आणि खणायला लागली. वरची चार बोटं पहार लोण्यात गेल्यासारखी गेली. थोडी खाली गेली आणि ठणकन वाजली. मला वाटलं दगड लागला. दगड नव्हता, मातीच होती. कुळवाची लोखंडी फास पंधरा वर्षं त्याच खोलीवर फिरून खालच्या मातीचा थापून ओटा झाला होता. तिनं बाजूनं माती खरवडून मला ज्वारीची मुळं दाखवली. ती त्या ओट्यापर्यंत सरळ आली होती आणि तिथून आडवी वळली होती, जशी बंद दारापुढं माणसं बाजूला सरकतात.

तिनं तीन थरांची माती तीन वेगळ्या पिशव्यांत भरली. पंधरा दिवसांनी तीन कागद आले. चार बोटं वरच्या मातीत स्फुरद एवढं, की पुढची काही वर्षं टाकायची गरज नाही. त्याखालच्या थरात कमी. त्याखाली अत्यंत कमी. कालवलेल्या नमुन्यात वरच्यानं खालचं झाकलं होतं, जसं तुपाचा गोळा कोरड्या भातात मिसळून घास घेतला की सगळा भात तुपाचा वाटतो. तिनं समजावलं की स्फुरद पाण्याबरोबर खाली उतरत नाही, जिथं टाकाल तिथंच बसतं. पाला वर कुजतो, खत वर पडतं, आणि उलटापालट झालीच नाही तर सगळं वरच साठत जातं. पावसाळ्यात वर ओल असते तेव्हा मुळं वरच जेवतात. रब्बीत वरचं सुकलं की पीक खालच्या ओलीवर जगतं, आणि खाली पाणी आहे पण खायला काही नाही. न नांगरणं चुकीचं नाही ताई, ती म्हणाली, पण मग खत खाली पेरावं लागतं, आणि अधूनमधून खालचा थर बघावा लागतो. खत खाली पेरायचं. तुम्ही होता तेव्हा आपण तिफणीनं खत पेरत होतो, मामा. बैल गेल्यावर मी ते हातानं फेकायला लागले. ते पाप तुमच्या माथी नाही. ते माझं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, चुकलं, सुधारू. पण मंगळवारी तुमचे सावडीचे सोबती आले. तुमचा एक बैल, त्यांचा एक बैल अशी सुरुवातीला ज्यांच्याबरोबर तुम्ही औत जोडत होता तेच. ते आता परंड्याला लेकीकडं असतात, कुणाच्या तरी बारशाला गावात आले होते. काठी टेकत वावरात आले, ज्वारी बघितली, तो उघडा खड्डा बघितला, आणि खाली वाकून किती वेळ बघतच राहिले. मी त्यांना तीन कागदांचं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. मला ते खटकलं. मग ते म्हणाले, "म्हंजे त्येनं नंतर कंदीच नांगारलं न्हाय व्हय?"

मी म्हटलं, मामांनीच बंद केलं ना, वरची माती वरच राहू दे म्हणून. म्हातारा काठी टेकत बांधावर बसला.

"पोरी, त्येचा उजवा हात गेल्ता. खांद्यातनं. रुमणं दाबून धराया येत न्हवतं त्येला. त्या दिशी नांगर हातातनं सुटला आन् त्यो बांधावर बसला, आन् तू जाऊन रुमणं धरलंस. सांच्याला माझ्याकडं आला. म्हनला, सुनेनं नांगर धरला, आन् लई सरळ धरला. आता ही काय सोडायची न्हाय. गावाला कळलं तर गाव हसंल, आन् पोराला कळलं तर पोरगं नोकरी सोडून ईल. म्हनून म्या तिला कायतरी सांगून टाकतो."

मी विचारलं, काय सांगून टाकतो? मला माहीत होतं, तरी विचारलं.

"हेच की. वरची माती वरच ऱ्हाऊ दे म्हून. म्या म्हनलं, आरं, आन् रान? तर म्हनला, चार-पाच वर्सं निभतंय. पोरगं इकडच्या डेपोला आलं, की एकदा खोल नांगरून घीन. खालची माती उपाशी ठेवून चालत न्हाय, म्हनला. मला शपथ घातली हुती त्येनं. ट्रॅक्टर सांगावा, तर दावणीला बैल असताना ट्रॅक्टर का, म्हून चार जण इचारत्याल."

म्हातारा बोलत होता आणि मला फक्त शेवटचं ऐकू येत होतं. खालची माती उपाशी ठेवून चालत नाही. तुम्हाला माहीत होतं. प्रयोगशाळेतल्या मुलीनं तीन पिशव्या आणि तीन कागद घालून जे सांगितलं ते तुम्हाला त्या संध्याकाळीच माहीत होतं, माझ्या चुलीपुढं बसून जाळाकडं बघत तुम्ही त्याच्या उलट सांगत होता. पंधरा वर्षं मी ज्याला ज्ञान म्हणून डोक्यावर घेऊन नाचले ते माझी समजूत काढायला सांगितलेलं एक वाक्य होतं. फलक लावला त्याचा. वहीत लिहून दिलं लोकांना.

त्या रात्री मी तुम्हाला डोळ्यांपुढं आणून बघत राहिले, आणि आता सगळं दिसतं. तुम्ही तांब्या डाव्या हातानं घ्यायला लागला होता. फडताळातला वरचा डबा काढायला मला हाक मारायचा, मी म्हणायचे म्हातारपणी लाडावलेत. अंगरखा घालताना आधी उजवी बाही चढवायचा, वाकून, भिंतीला पाठ लावून. पाहुण्यांना नमस्कार करताना हात छातीपाशीच जोडायचा, आणि मी माझ्या माहेरी सांगायचे की आमचे मामा किती नम्र आहेत. कुणी मला आंधळी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण तुम्हीही लपवण्यात काही कमी नव्हता.

मला तुमचा राग आला आहे, हे तुम्हाला सांगायलाच हवं. हात दुखतो म्हणून नांगर बंद, एवढं बोलला असता तर मी काय केलं असतं? नांगर धरला असता. गाव हसलं असतं, चार दिवस हसलं असतं. त्या काळात गावात कोण कोण कशाकशावर हसत होतं, कुणाच्या लक्षात आहे आता? तुम्ही मला लोकांच्या हसण्यापासून वाचवलं, आणि ह्यांची नोकरी वाचवली, आणि त्यासाठी खालची माती उपाशी ठेवली. चार-पाच वर्षं म्हणालात, पण चौथ्याच वर्षी तुम्ही गेलात, आणि ह्यांची बदली त्यानंतर दोन वर्षांनी झाली. निदान जाताना तरी बोलायचं. दवाखान्यात तीन दिवस होता, शुद्धीत होता. मला म्हणालात, गाईला वेळेवर पाणी दाखव. गाईचं लक्षात राहिलं तुमच्या.

काल गटाच्या बायका आल्या होत्या, आपल्याच ओसरीवर. ज्वारी का बसली ते सांगायचं होतं. मी खड्डा सांगितला, तीन थर सांगितले, उन्हाळ्यात एकदा खोल नांगरून घ्यायचं, पुढं खत फेकायचं नाही, पेरायचं, आणि दर दोन-तीन वर्षांनी माती थराथरानं तपासायची, हे सांगितलं. सगळ्या ऐकत होत्या. मग जाऊ म्हणाली, मामांनी असं कसं सांगितलं मग? त्यांच्याएवढी माती गावात कुणाला कळत होती? सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. खरं सांगायला तोंड उघडलं आणि मला दिसलं की ते सांगितलं तर त्या हसतील. आज हसतील, तुमच्यावर, ओसरीवरच्या तुमच्या फोटोखाली बसून, की सुनेला भिऊन म्हाताऱ्यानं काय थाप मारली. मी म्हटलं, मामांनी बरोबरच सांगितलं होतं. अधूनमधून खोल नांगरायचं, असंही म्हणाले होते. मीच अर्धं ऐकलं.

जाऊ उठली. चप्पल पायात घालताना म्हणाली, "तुझ्या अर्ध्या ऐकण्यापायी माझी ज्वारी गेली." बाकीच्याही एकेक करून निघाल्या, आणि कुणी चहाला थांबली नाही. पुढच्या महिन्यात त्या मला सखी म्हणून ठेवतील की नाही, माहीत नाही. ठेवू नये असं मला स्वतःलाही वाटतं.

संध्याकाळी ह्यांचा डेपोतून फोन आला. कुणीतरी त्यांना सांगितलंच होतं. म्हणाले, "नांगर कशाला आता? आबा नको म्हणायचे ना?" मी त्यांनाही तेच सांगितलं, आबा म्हणाले होते अधूनमधून नांगरायचं, मी विसरले. ते म्हणाले, "तू? तू तर काहीच विसरत नाहीस." त्यांच्या मागं बस सुटल्याची घोषणा चालू होती. मी म्हटलं, जा, गाडी सुटेल.

त्यांच्या नोकरीला सोळा वर्षं होतील. परवा दंडाला नवा बिल्ला लावून आरशापुढं उभे होते. ही नोकरी कशावर टिकली ते त्यांना सांगणारं माणूस आता मी एकटीच आहे, आणि सोबती लेकीकडं परत गेले आहेत. हे पत्र मी तुम्हाला लिहिते आहे असं मी दोन दिवस स्वतःला सांगते आहे, मामा. पण तुम्हाला यातलं काय नवं आहे? सगळं तुम्हालाच तर माहीत होतं. हे ह्यांना लिहायचं होतं. वर त्यांचं नाव घालायला हात उचलला नाही, म्हणून तुमचं घातलं.